आपलं काम झटपट करणारी स्क्रिप्ट लिहिलीत, आता साहेबांना सांगायचं की गप्प राहायचं?

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत अकाउंट्स सांभाळणाऱ्यांचा महिना १४ ते २० तारखेत अडकलेला असतो. १४ ला जीएसटीआर-२बी, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी येते, २० पर्यंत ३बी हा महिन्याचा रिटर्न भरायचा, आणि मधल्या दिवसांत टॅली या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधलं परचेस रजिस्टर २बीशी ताडून बघायचं. सप्लायरने बिल नंबर ‘००४५/२५-२६’ टाकलेला, आपल्याकडे नुसता ‘४५’. अशा शेकडो ओळी. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, ही शून्यं, तिरकी रेघ आणि पुढचं वर्ष काढते, जीएसटी नंबर नि रक्कम जुळवते आणि काही मिनिटांत फरकाची यादी हातात देते.

गप्प राहणाऱ्याचा मुद्दा खोटा नाही. महिन्याच्या पगारावर असाल आणि रिटर्न वेळेत, बिनचूक जात असेल, तर वाचलेल्या वेळाबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. सांगितलं की दुसऱ्याचं काम गळ्यात पडतं, हेही बऱ्याच ऑफिसांत घडतं.

हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपनीत क्लायंटला तासांवर बिल जात असेल, तर मात्र हा मुद्दा टिकत नाही. अर्ध्या तासाच्या कामासमोर टाइमशीटवर आठ तास लिहिणं ही सरळ खोटी नोंद आहे. तिथे पहिल्याच आठवड्यात सांगा.

गुपचूप चालणाऱ्या स्क्रिप्टची चूक पकडायलाही कुणी नसतं. क्रेडिट नोट वजा व्हायच्या ऐवजी बेरजेत गेली, तर जास्तीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं जातं आणि पुढे व्याज कंपनीच्या माथी येऊ शकतं.

सांगण्यातली मोठी जोखीम शेजारच्या टेबलावर बसलेली असते. दोघांचं काम एकाचं झालं, तर कुणाची खुर्ची जाईल? मला हा प्रश्न स्वतःच्या पगारापेक्षा जड वाटतो. म्हणून आधी त्या सहकाऱ्याशी बोला, त्याला स्क्रिप्ट चालवायला शिकवा. मग साहेबांकडे जाताना वाचलेल्या वेळाचं काम दोघांनी लेखी न्या: बिलं न दाखवणाऱ्या सप्लायरांचा पाठपुरावा, अडकलेलं क्रेडिट सोडवणं. नेहमी राहून जातं ते हेच.

पगारदार असाल तर दोन-तीन रिटर्न हाताने केलेल्या यादीशी पडताळा आणि मग सांगा. तेवढं थांबणं मला रास्त वाटतं. कंपनीचा डेटा परवानगीशिवाय बाहेरच्या एआय टूलमध्ये टाकणं मात्र दोन्ही वाटांवर चूकच.

आणि ‘नोकरी सोडताना स्क्रिप्ट घेऊन जाईन’ या भरवशावर राहू नका. वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामात लिहिलेला प्रोग्रॅम कंपनीचा असतो.