कोळशाची शेगडी की बिडाचा पॅन?
मुंबईच्या फ्लॅटमध्ये चिकन टिक्का करायचा तर प्रश्न आधी जागेचा येतो. चवीत शेगडी निर्विवाद पुढे. चरबी निखाऱ्यांवर ठिबकते आणि तिचा धूर मांसाला लागतो. पॅनमध्ये तीच चरबी तळाशी साचते. पण कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. म्हणून शेगडी फक्त मोकळ्या गच्चीवर, तीही सोसायटीची परवानगी असेल तर. बंद घरात ती पेटवूच नका.

पॅनवर आच आपल्या हातात राहते. बिडाचा जाड पॅन चांगला तापवा आणि तुकडे सुटे ठेवा. गर्दी केली की पाणी सुटतं आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं की उतरवा.

मसाला दोन्हीकडे तोच: चक्का, आलं-लसूण, काश्मिरी मिरची, गरम मसाला, मोहरीचं तेल. पॅनसाठी जास्तीचा मसाला निथळून टाका, नाहीतर तो तळाला चिकटून करपतो.

सोबत पुदिन्याची चटणी, कांदा, लिंबू आणि बेकरीतला कडक पाव. रोजच्यासाठी मी पॅनच सुचवेन. मटणाच्या सीख कबाबला मात्र शेगडीच हवी. पॅनवरचा मला कधीच पटलेला नाही.