पोळीची सुरळी की आप्पे? नखरेल पोरांच्या डब्याचा हिशेब

आमच्याकडे शाळेचे डबे मी भरतो. बायकोची ड्यूटी सकाळी सातची, त्यामुळे थोरली नर्सरीत गेली तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आलं. आता ती तिसरीत आहे, धाकटा सिनियर केजीत. तिला भाजीत मोहरीचा दाणा दिसला तरी चालत नाही. त्याला कुठलेही दोन पदार्थ एकमेकांना टेकलेले खपत नाहीत, म्हणजे वरण-भात हा त्याच्या लेखी अपघात.

सुरुवातीला मी डबा चवीवर जोखायचो. ओट्याशी उभं राहून गरम घास तोंडात टाकायचा, झकास झालंय म्हणायचं आणि झाकण लावायचं. एका आठवड्यात धाकट्याचा उपमा दोनदा जसाच्या तसा परत आला. मी उपम्यावर फुली मारून मोकळा. मग एका रात्री झोपताना तो म्हणाला, "बाबा, झाकण उघडलंच नाही. बाई दुसऱ्या वर्गात होत्या." वाफाळता उपमा हवाबंद डब्यात भरला की आतली वाफ गार होते, आतला दाब उतरतो आणि झाकण आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तसाच डबा भरून चार तास ठेवला. मलाच चमच्याचं टोक घालून उघडावा लागला. पाच वर्षांच्या बोटांचं काय चालणार!

तेव्हापासून डबा मी ओट्यावर जोखत नाही, बाकावर जोखतो. २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाचं परिपत्रक निघालं आणि आमची सातची शाळा नऊची झाली. व्हॅन सव्वाआठला येते, डबा साडेसातला भरला जातो, मोठी सुट्टी साडेअकराला. म्हणजे चार तास. सुट्टी वीस मिनिटांची. त्यात हात धुण्याची रांग, डबा उघडणं आणि शेजारच्याच्या डब्यात डोकावणं. खायला उरतात दहा मिनिटं, फार तर बारा. या हिशेबात टिकतात असे दोनच पदार्थ मला सापडले, आणि खरी निवड त्यांच्यातच आहे.

पोळीची सुरळी

रोल म्हणा नाहीतर फ्रँकी, ही आपली सुरळीच. फायदा उघड आहे: घरात पोळ्या होतच असतील तर जास्तीची दोनच मिनिटं लागतात. पोट भरतं, वही-गणवेशाला रस्सा लागत नाही आणि एका हाताने खाता येतं.

ती परत का येते ते मी एकदा डबा उघडून नीट पाहिलं. टोकाचा एक घास घेतलेला, आणि त्या घासाबरोबर भेंडीची अख्खी लांबट फोड बाहेर ओढली गेलेली. उरलेली भाजी डब्याच्या तळाशी, सुरळी पोकळ. मूल भेंडीला नाही म्हणत नव्हतं, सांडण्याला म्हणत होतं. आता सुरळीत जाणारी भाजी मी बारीक चिरतो किंवा डावाने दाबून मोडतो. बटाटा, कोरडी मूगडाळ, कुस्करलेलं पनीर, अंड्याची भुर्जी. खाली एक घडी घालून सुरळीचे तीन तुकडे करतो. मोहरीऐवजी फोडणीत जिरं घालतो. या घरात तेवढ्यावर शांतता विकत घेता येते.

दुसरं दुखणं म्हणजे चिवट पोळी. त्यावरचा उपाय आपल्या आज्यांना माहीत होता. प्रवासाला न्यायच्या दशम्या दुधात भिजवायच्या त्या उगाच नव्हेत. दुधाने पोळी गार झाल्यावरही मऊ राहते. डब्याच्या दोन पोळ्यांपुरती कणीक मी दूध आणि चमचाभर तेल घालून वेगळी मळतो. आणि पोळी तव्यावरून थेट डब्यात कधीच नाही. चाळणीवर पाच मिनिटं टाकायची, वाफ जाऊ द्यायची. नाहीतर वाफेचं पाणी होऊन तळाची पोळी ओलसर होते. पोरं तिला "ओली पोळी" म्हणतात आणि हातही लावत नाहीत.

तूप-गुळाची सुरळी हा माझा राखीव गडी. गूळ किसून, तुपात कालवून लावायचा. खडा राहिला तर दाताखाली येतो आणि तक्रारही येते.

आप्पे

आप्प्यांचं खरं बळ आकारात आहे. एक आप्पा म्हणजे दोन घास. सात आप्पे संपले की मुलाला काहीतरी जिंकल्यासारखं वाटतं. माझा धाकटा ते मोजून खातो. एकमेकांना टेकलेले चालतात, कारण सगळे एकाच जातीचे! गार झाल्यावर इडली कोरडी पडते, वरून तूप लावावं लागतं. आप्प्याला कडेने तेल सुटलेलं असतं, त्यामुळे तो चार तासांनीही बरा लागतो.

पण वेळेचा हिशेब वेगळा. पात्र तापवून, उलटून, खरपूस करून एका घाण्याला सात-आठ मिनिटं जातात आणि तेवढा वेळ तिथून हलता येत नाही. दोन मुलांचे दोन घाणे. शिवाय पीठ रविवारी वाटून ठेवलेलं हवं. फ्रीजमध्ये ते तीन दिवस छान राहतं, चौथ्या दिवशी आंबटतं, आणि मोठ्यांना न कळणारा आंबटपणा नखरेल पोराला पहिल्या घासात कळतो. पीठ नसेल तर रवा-दह्याचे आप्पे वीस मिनिटांच्या भिजवण्यावर होतात, पण गार झाल्यावर थोडे घट्ट लागतात. त्यात किसलेला दुधी घातला तर मऊ राहतात.

आता लपवालपवीबद्दल. गाजर, दुधी, बीट आप्प्यात खपतात. पण पालक घातला आणि "काही नाही, मसाला आहे" असं सांगितलं, तर ज्या दिवशी हिरवा धागा दाताला लागेल त्या दिवशी सगळ्या आप्प्यांवरचा विश्वास उडतो. माझा उडवून झालाय, परत कमवायला महिना लागला. नवा पदार्थ मुलाच्या ओळखीचा व्हायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा समोर यावा लागतो. ते काम रात्रीच्या ताटात करायचं. डबा ही प्रयोगशाळा नव्हे. तिथे उपाशी राहिलं तर बघायला आपण नसतो.

बाकीचे

थालीपीठ गरम असताना राजा, साडेअकराला पुठ्ठा. काकडी किसून घातली तर थोडं सावरतं, तरी मी ते घरीच वाढतो. तिखटमिठाच्या पुऱ्या दोन्ही मुलं हसत खातात, पण तळणाचं काम सकाळी कोण करणार? महिन्यातून एकदा. सँडविच पाच मिनिटांत होतं आणि काकडीच्या पाण्याने तासाभरात भिजतं. ब्रेडला दोन्ही बाजूंनी आतून लोणी लावा आणि मीठ काकडीला लावू नका, चटणीतच असू द्या. तरी त्याने पोट भरलं असं मला कधी वाटत नाही.

भाताबद्दल मात्र सांभाळून. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि कोमट भात तासन्‌तास राहिला की ते वाढीला लागतात. फोडणीचा भात द्यायचाच असेल तर रात्रीचा भात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवलेला हवा आणि सकाळी चांगला वाफ निघेपर्यंत परतलेला. ओट्यावर रात्रभर झाकून ठेवलेला नको. एप्रिल-मेमध्ये मी भात देतच नाही, ओल्या नारळाची चटणीही नाही.

वेफर्स, बिस्किटांचा पुडा हा सगळ्यांत सोपा डबा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरांत विकता येत नाहीत. आपण मात्र तेच दप्तरात घालून फाटकाच्या आत पोचवतो.

माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या मुलीच्या शाळेत दाण्यांना मज्जाव आहे, त्यामुळे दाण्याची चटणी, दाण्याचं कूट, साबुदाण्याची खिचडी सगळंच बाद. ती खिचडीत सूर्यफुलाच्या बिया भाजून, कुटून घालते. तुमच्या शाळेतही असा नियम असेल तर आधी विचारून घ्या.

मग तुम्ही काय करावं? तुमच्या घरी पोळ्या तुम्हीच सकाळी लाटत असाल तर सुरळी. दुसरा विचारच करू नका. पोळीवाल्या मावशी साडेआठला येत असतील आणि व्हॅन सव्वाआठला, तर रोजची सुरळी तुमच्यासाठी नाही. आदल्या रात्रीच्या पोळीची करून बघाल आणि ती परत येईल. तुम्ही आप्पेपात्र घ्या. मूल हळू खाणारं, बोलघेवडं असेल तरी आप्पेच, कारण अर्धवट राहिलं तरी चार-पाच पोटात गेलेले असतात. भूक मोठी आणि मूल पाचवी-सहावीतलं असेल तर आप्प्याने भागत नाही.

डबा कुठलाही घ्या, पण दुकानातच मुलाच्या हातात देऊन चार वेळा उघडायला लावा. दोन क्लिपांचा स्टीलचा डबा आमच्याकडे टिकला. फिरकीचं झाकण लहानांना नको.

आमच्याकडे सोमवार ते बुधवार आप्पे, पुढे सुरळी. उद्या गुरुवार, पण थोरलीने आप्पेच मागितलेत. फ्रीजमधलं पीठ चौथ्या दिवसात शिरतंय. सकाळी वास घेऊन बघेन, नाहीतर गूळ किसून ठेवलेला आहेच.