इंटरनॅशनल बिझनेसचं मास्टर्स: पुणे-दिल्ली, यूके, की नवी मुंबईतलं यूके?

काकूचा फोन आला की ताईला म्हणजे मला विचारायचंय, धाकटीने (माझ्या चुलत बहिणीने) इंटरनॅशनल बिझनेसमध्ये मास्टर्स करायचं ठरवलंय, बाहेर पाठवू का इथेच करू दे. धाकटी टीवाय बीएमएसला (मॅनेजमेंटच्या डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला) आहे मुलुंडला, काका पुढच्या वर्षी रिटायर होतायत. मी स्वतः 2022 ला यूकेत जाऊन हेच एमएससी केलं आणि आता साकीनाक्याला एका फ्रेट फॉरवर्डरकडे (एक्स्पोर्ट-इम्पोर्टचा माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या कंपनीत) बसते, माझ्या शेजारच्या टेबलवरच्या मुलाने पुण्यातून एमबीए इंटरनॅशनल बिझनेस केलंय, आणि दोघांचा पगार जवळपास सारखा आहे. फोनवर अर्धवट राहिलं म्हणून सगळं लिहूनच काढते, तिच्यासारखी अजून कोणी असेल तर त्यांनाही होईल.

आधी एक गोंधळ संपवू. कोर्सचं नाव सगळीकडे तेच असलं तरी आत शिकवतात ते वेगळं असतं. यूकेतलं एमएससी बहुतेक ठिकाणी एक वर्षाचं, फ्रेशर्ससाठीचं, मॅनेजमेंटच्या अंगाने जाणारं असतं. म्हणजे कंपनी दुसऱ्या देशात शिरताना जॉइंट व्हेंचर करते का स्वतःची फॅक्टरी टाकते, कुठल्या देशातली माणसं बॉसला उलट बोलतात आणि कुठली नाही, शेवटचे तीन महिने डिझर्टेशन म्हणजे प्रबंध. आपल्याकडचं दिल्लीचं आयआयएफटी किंवा पुण्याचं एसआयआयबी (सिम्बायोसिसचं) हे दोन वर्षांचं एमबीए, त्यात मार्केटिंग-फायनान्स असतंच पण सोबत खरा ट्रेड असतो, एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन, ट्रेड फायनान्स, लॉजिस्टिक्स, डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचे नियम वगैरे. आयआयएफटी तर 1963 ला वाणिज्य मंत्रालयानेच काढली, त्यामुळे तिचा कलच तसा आहे.

याचा फरक मला कधी कळला सांगते. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात एका एक्स्पोर्टरचे एलसीचे (कागद बरोबर असले की पैसे देऊ अशा बँकेच्या हमीचे) कागद माझ्या हातात आले. एलसीत पोर्ट ऑफ लोडिंग न्हावा शेवा लिहिलेलं आणि बीएलच्या (शिपिंग कंपनी मालाची पावती म्हणून देते त्या बिल ऑफ लेडिंगच्या) ड्राफ्टवर नुसतं मुंबई. मी म्हटलं एकच की, आणि ड्राफ्ट अप्रूव्ह करणार तेवढ्यात शेजारच्याने माउस हिसकावला. बँक कागद बघते, माल नाही, आणि मुंबई पोर्ट वेगळं, न्हावा शेवा वेगळं, एवढ्याशा फरकावर डिस्क्रेपन्सी (कागदांतली विसंगती) काढून पैसे अडकवू शकते. त्याला हे पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. मला पंधरा हजार शब्दांचा प्रबंध लिहून हे माहीत नव्हतं. तसंच कंटेनरच्या मालाला एफओबी लावण्याचं (मालाची जोखीम विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे कुठे जाते ते ठरवणारी ही एक अट). आपले अर्धे एक्स्पोर्टर सवयीने एफओबीच लिहितात, पण कंटेनर टर्मिनलच्या गेटमधून आत गेला की आपल्या हातात काही राहत नाही आणि एफओबीत जोखीम मात्र तो जहाजावर चढेपर्यंत आपलीच, म्हणून तिथे एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की आपली जोखीम संपते ती अट) लावा असं इन्कोटर्म्स 2020 च्या, म्हणजे या अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या, पुस्तकातच सांगितलंय. हे मी ऑफिसात चहा पिता पिता शिकले.

आता कोणी म्हणेल मग यूके फुकट गेलं का. नाही गेलं. फ्रेंच, नायजेरियन, चिनी पोरांबरोबर ग्रुप प्रोजेक्ट करताना जे भांडण होतं ना, मेलमध्ये कोणाशी किती सरळ बोलायचं, मीटिंगमध्ये न घाबरता मध्ये कसं बोलायचं, ते वर्गात शिकवून येत नाही. आज रॉटरडॅमच्या एजंटशी मी ज्या पद्धतीने दर खाली आणते ते शेजारच्याला जमत नाही, तो स्वतःच सांगतो. फक्त त्याची किंमत किती लावायची हा प्रश्न.

किमतीवर येऊ. यूकेत या कोर्सची फी ढोबळमानाने 18 ते 30 हजार पौंड, नावाजलेल्या ठिकाणी त्याच्याही वर. मग व्हिसासाठी राहण्याचा खर्च दाखवायचा, लंडनला महिन्याला 1,529 पौंड, लंडनबाहेर 1,171, असे नऊ महिन्यांचे, आणि ते पैसे 28 दिवस सलग खात्यात पडून पाहिजेत (एज्युकेशन लोन असेल तर बँकेचं पत्र चालतं). शिवाय हेल्थ सरचार्ज वर्षाला 776 पौंड, टीबीची टेस्ट, तिकीट, आणि पहिल्या महिन्यात उगाच विकत घेतलेल्या रजया. तीस लाखांचं लोन साडेदहा टक्क्याने दहा वर्षांसाठी काढलंत तर हप्ता साधारण 40 हजार बसतो. आमच्या ऑफिसात फ्रेशरच्या हातात तीससुद्धा पडत नाहीत. बस, हे गणित काकांनी एकदा कागदावर करावं एवढंच माझं म्हणणं.

आयआयएफटी-एसआयआयबी पण स्वस्त नाहीत हां, फी वीस लाखांच्या आसपास जाते, राहणं खाणं वेगळं. पण तिथे प्लेसमेंट सेल असतो, कंपन्या कॅम्पसवर येतात, समर इंटर्नशिप असते. यूकेत करिअर सर्व्हिस नावाचं एक खातं असतं, ते तुमचा सीव्ही नीट करून देतं आणि शुभेच्छा देतं. नोकरी आपली आपण शोधायची. मी ज्या कन्सल्टंटकडून गेले, दादरचा होता, त्याने हा फरक एका शब्दाने सांगितला नव्हता, वर माझ्यासाठी 'खास' निवडलेली युनिव्हर्सिटी त्याने माझ्यामागच्या रांगेतल्या तिघांसाठीपण खासच निवडली होती. त्यांना युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळतं हे मला तिकडे पोचल्यावर कळलं.

नोकरीचं तिकडचं सांगते कारण सगळे ह्याच आशेवर जातात. कोर्सनंतर ग्रॅज्युएट रूट व्हिसा मिळतो, मला दोन वर्षांचा मिळाला होता, पण 1 जानेवारी 2027 पासून जे अर्ज करतील त्यांना 18 महिनेच मिळणार, म्हणजे धाकटीची बॅच त्यातच येते. त्यानंतर राहायचं तर स्किल्ड वर्कर या नोकरीच्या व्हिसावर जावं लागतं, कंपनीने स्पॉन्सर करायला पाहिजे आणि पगार 41,700 पौंड पाहिजे, नव्याने लागणाऱ्यांना सवलत धरून 33,400, आणि त्या कामाचा सरकारने ठरवलेला दर जास्त असेल तर तो. मी गेले तेव्हा हा आकडा 26 हजारांच्या घरात होता, एप्रिल 2024 ला उडी मारून 38,700 झाला आणि माझ्या बॅचचे निम्मे लोक त्या एका उडीत बाहेर पडले. ऑनलाइन फॉर्मवर पहिल्या पानावर विचारतात, आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का. हो टिक केलं की संध्याकाळपर्यंत नकाराचा मेल. मी शेवटी एका वेअरहाऊसमध्ये पिकिंग करून भाडं भरत होते, आईला सांगायचे लॉजिस्टिक्समध्ये आहे. खोटं नव्हतं म्हणा.

आणि पार्ट टाइम करून फी काढू असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. आठवड्याला 20 तास, आणि मास्टर्सवाल्यांची उन्हाळ्याची सुट्टी ही सुट्टी नसतेच, डिझर्टेशनचा काळ असतो, तेव्हाही 20 तासच.

जर्मनीचं विचारतात सगळे, फी नाही म्हणून. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी खरंच नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये बाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो), ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो ठेवायचे, ते आपल्यालाच दर महिन्याला परत मिळतात, आणि नंतर नोकरी शोधायला 18 महिने. पण एपीएस सर्टिफिकेट (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं) काढावं लागतं, सरकारी ठिकाणी बीकॉम-बीएमएसचे क्रेडिट मोजून घेतात, इकॉनॉमिक्स-स्टॅट कमी पडलं की संपलं, आणि जे सहज प्रवेश देतात ते बऱ्याचदा प्रायव्हेट असतात म्हणजे फी आलीच. शिवाय कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी बिझनेसच्या नोकरीला जर्मन लागतं, कोडिंगवाल्यांसारखं आपलं निभत नाही. आत्तापासून जर्मन शिकायची तयारी असेल तर मात्र पैशाच्या हिशोबात याच्यासारखं दुसरं नाही. आयर्लंड यूकेसारखंच, एक वर्ष, नंतर दोन वर्षं राहू देतात, पण डब्लिनमध्ये खोली मिळवणं म्हणजे गर्दीच्या वेळेला दादरला विरार फास्टमध्ये चढणं.

तिसरा पर्याय नवा आहे आणि काकांना तोच सगळ्यात आवडला, कारण मुलगी घरी जेवायला येणार. परदेशी युनिव्हर्सिटी मुंबईतच कॅम्पस काढतायत, ब्रिस्टल आहे, आणि जून 2025 मध्ये यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक यांना इरादापत्रं (प्राथमिक मंजुरीची पत्रं) दिली गेली, नवी मुंबईला एअरपोर्टजवळ एज्युसिटी करायचा सिडकोचा प्लॅन आहे. डिग्री तिकडचीच, खर्च कमी. पण दोन गोष्टी. ग्रॅज्युएट रूट यूकेत राहून शिकलेल्यांना मिळतो, इथे बसून तीच डिग्री घेतली तर नाही मिळणार. आणि ते जे भांडण म्हटलं ना मघाशी, नायजेरियन-फ्रेंच पोरांबरोबरचं, ते इथल्या वर्गात किती होणार? वर्गात सगळे ठाणे-पवई-बोरिवलीचेच असले तर मग तेवढ्यासाठी जमनालाल बजाज (मुंबई विद्यापीठाची मॅनेजमेंट संस्था) काय वाईट आहे. नाव इंटरनॅशनल बिझनेसचं नसेल, पण फी खूप कमी आणि चर्चगेटला 1965 पासून उभी आहे, कंपन्या तिला ओळखतात. सीईटी (राज्याची एमबीए प्रवेश परीक्षा) मात्र फोडावी लागते. पहिल्या दोन-तीन बॅचेसची प्लेसमेंट बघितल्याशिवाय मी तरी नव्या कॅम्पसवर पैसे लावणार नाही.

आता माझं मत, धाकटी ओरडेल तरी. तिला खरंच ट्रेडमध्ये काम करायचं असेल, म्हणजे शिपिंग, एक्स्पोर्ट हाऊस, बँकेचं ट्रेड फायनान्स, तर इथेच करावं, कारण हा धंदा इथेच आहे. न्हावा शेवा इथे, सहारचं कार्गो इथे, बीकेसीचं डायमंड बोर्स इथे, अंधेरीचा एक्स्पोर्ट झोन सीप्झ इथे. किंवा पदवी झाल्यावर आधी एक वर्ष सीएचएकडे (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडे) नाहीतर फॉरवर्डरकडे काम करावं, शिपिंग बिल (एक्स्पोर्टचा कस्टम्सचा फॉर्म) आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर स्वतः फाइल करावं, आणि मग ठरवावं. तिला मुळात परदेशात राहायचं असेल तर तेही चुकीचं नाही, फक्त मग तसं स्पष्ट म्हणावं आणि कोर्स बघण्याआधी व्हिसाचे नियम बघावेत, आणि इंटरनॅशनल बिझनेसपेक्षा सप्लाय चेन किंवा डेटा ॲनालिटिक्स असं हाताला काम लागणारं काहीतरी घ्यावं. इंटरनॅशनल बिझनेस हे नाव तिकडच्या एचआरला काहीच सांगत नाही, मी अनुभवलंय.

घर तारण ठेवून मात्र नको. जायचंच असेल तर फोर्टला जे. एन. टाटा एन्डाउमेंट आहे, 1892 पासून लोन स्कॉलरशिप देतात, तिथे अर्ज करावा. एससी मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, लागू असेल त्याने सोडू नये. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या स्कॉलरशिपला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, फ्रेशरला नाही. आणि लोन काढलं तर ते बँकेकडूनच काढावं, बाहेर पाठवताना त्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो टॅक्स) लागत नाही, स्वतःचे पैसे पाठवले तर वर्षाला 10 लाखांच्या वर लागतो.

बरं, दोन्ही दारं एकाच वेळी उघडी ठेवता येतात. एमबीएची प्रवेश परीक्षा कॅट नोव्हेंबरच्या शेवटी, त्याच्यावर आता आयआयएफटी पण, एसआयआयबीसाठी सिम्बायोसिसची परीक्षा स्नॅप डिसेंबरमध्ये, आणि यूकेच्या सप्टेंबरचे अर्ज तोवर चालूच असतात. धाकटीने कॅटचा फॉर्म भरलाय, यूकेचे दोन अर्ज पण टाकणार म्हणतेय, टाकू दे. शनिवारी मी तिला उरणच्या एका सीएफएसला (पोर्टजवळच्या कंटेनरच्या गोदामाला) घेऊन जातेय, कंटेनर स्टफिंग म्हणजे कंटेनरमध्ये माल भरणं कसं होतं ते दाखवायला. सेफ्टी शूज घालून ये म्हटलंय, नाहीतर गेटवरच अडवतात, आणि ती विचारतेय पांढरे स्नीकर्स चालतील का.