एक मोठी ट्रिप की चार छोट्या? मुंबईकरांसाठी मे महिन्याचा हिशेब

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की आमच्या डोंबिवलीच्या घरात एकच विषय असतो: यंदा कुठे जायचं? दोन उन्हाळ्यांत आम्ही दोन्ही प्रकार करून पाहिले. एका वर्षी नऊ दिवसांची मनाली आणि पुढच्या वर्षी घरापासून चार-पाच तासांच्या आतल्या चार ट्रिपा. माणसं दोन्ही वेळी तीच. आम्ही दोघं, सहावीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. ज्यांचं गाव आहे आणि तिथे दार उघडायला कुणी आहे, त्यांनी आधी गावीच जावं. बाकीच्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी रजा. नऊ दिवसांत दोन शनिवार-रविवार धरले तरी सलग पाच रजा लागतात. छोट्या ट्रिपेला रविवारी निघून सोमवारी रात्री परत आलं की एक रजा, म्हणजे चार ट्रिपांना चार. आकड्यात फरक एकाचाच दिसतो, पण खासगी नोकरीत सलग पाच दिवस मागणं आणि पंधरवड्याला एक सोमवार मागणं यात किती अंतर आहे हे सांगायला नको. शिवाय रविवारी आपण निघतो तेव्हा शनिवारची गर्दी परतीच्या वाटेवर असते. सोमवारी माथेरान आपलंच असतं. फक्त घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

प्रवासाचं पारडं तर सरळच छोट्या ट्रिपांकडे झुकतं. राजधानीने दिल्लीला साधारण सोळा तास, पुढे रात्रभर बस. जाऊन-येऊन जवळजवळ चार दिवस रस्त्यातच गेले. बसच्या वळणांवर मुलीला उलट्या झाल्या आणि सासूबाईंचे पाय सुजले. कर्जत लोकलने मात्र आम्ही तासाभरात नेरळला होतो. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे १० मेच्या गाडीसाठी ११ मार्चला, मुलांच्या परीक्षा तोंडावर असताना, सकाळी आठला फोन हातात घेऊन बसायचं. लोकलला हे काहीच नाही. मुलीला ताप आला म्हणून आम्ही माथेरान आठवडाभर पुढे ढकललं. मुक्कामाच्या मालकांना एक फोन केला आणि काम झालं.

पसंत न पडलेल्या खोलीचंही असंच. मनालीत एजंटाने पाच रात्रींचे पैसे आधीच घेतले होते आणि खिडकी उघडली की समोर भिंत. पाचही रात्री काढाव्या लागल्या. बोर्डीला एका घरगुती मुक्कामात रात्री वीज गेली आणि पहाटेपर्यंत आम्ही वर्तमानपत्राने वारा घालत बसलो. पण ती एकच रात्र होती.

आता मोठ्या ट्रिपेची बाजू. ती लंगडी नाही.

पहिली गोष्ट थंडी. दर हजार मीटर वर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. मनाली दोन हजार मीटरवर आहे, माथेरान आठशेच्या आसपास. म्हणजे माथेरानला घाम कमी येईल, सावलीत बरं वाटेल, पण स्वेटर निघणार नाही. अलिबाग-डहाणूला तर उकाडा मुंबईचाच, वर वाळू तापलेली. अकरा ते साडेचार किनाऱ्यावर मुलांना सोडूच नये. ज्यांना उन्हापासून सुटका हवी आहे त्यांचं समाधान चार छोट्या ट्रिपांनी होणार नाही.

दुसरी गोष्ट घरातल्या बाईची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मनालीला नऊ दिवस मी गॅस पेटवला नाही. चौथ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा डब्याचा विचार डोक्यात नव्हता. असं वर्षानुवर्षांत झालं नव्हतं. दोन दिवसांच्या ट्रिपेत ते होत नाही. डोकं मोकळं व्हायला लागतं तोवर परतीची लोकल येते. शिवाय चार वेळा पिशव्या भरायच्या, चार वेळा वाळूचे कपडे धुवायचे, चार वेळा दूधवाल्याला नको म्हणायचं. पहिल्या ट्रिपेनंतर मी घरात स्पष्ट सांगितलं की हे असं चालणार नाही. मग एक बॅग कायमची भरून दारामागे ठेवली: टॉवेल, औषधं, टोप्या, ओडोमॉस, मेणबत्ती. प्रत्येकाने आपले कपडे आपण भरायचे आणि आल्या दिवशी मशीनमध्ये टाकायचे. मुलीनेसुद्धा. हे ठरणार नसेल तर छोट्या ट्रिपा घरातल्या एका माणसाच्या जिवावर होतात. त्यापेक्षा एकच मोठी करा.

छोट्या ट्रिपांचं ठरलंच, तर कुठे आधी आणि कुठे नंतर हे नीट बघा. डहाणू-बोर्डी एप्रिलअखेरीला उरकून घ्यावं. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून जाते. आम्ही दादरला गाडी बदलून गेलो, पुढे बोर्डीपर्यंत रिक्षा केली. इथल्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किनाऱ्याला सुरूची सावली आहे, वाटेत ताडगोळे मिळतात. सासूबाईंना चारही ठिकाणांत हेच आवडलं, कारण चढ नाही आणि खुर्ची टाकून बसता येतं.

माथेरान मेच्या मध्याला. नेरळहून वर जाणाऱ्या, १९०७ मध्ये सुरू झालेल्या छोट्या गाडीत मोजक्या जागा असतात, तिच्यावर सगळा बेत बांधू नका. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्याला जा आणि तिथे अमन लॉजहून माथेरानपर्यंतची छोट्या गाडीचीच शटल धरा. पुढे मोटारी नाहीत, म्हणून मुलांचा हात सोडता येतो. मुंबईत वाढवलेल्या मुलांना असं मोकळं चालायला क्वचित मिळतं. तांबडी माती मात्र मोज्यांतून निघत नाही, पांढरे बूट घरी ठेवा. करवंदं पानाच्या द्रोणात मिळतात, ती घ्या.

अलिबागवर थोडं जास्त लिहिते, कारण तिथे बहुतेकांचा एक घोटाळा होतो. गेटवेहून मांडव्याला बोटीने तासभर, आणि बोटीच्या तिकिटातच पुढची अलिबागपर्यंतची बस. गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो आहे. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. मग लोक बारा वाजता किनाऱ्यावर पोचतात आणि कुलाबा किल्ला पाण्यात उभा. किल्ल्यात चालत जाता येतं ते फक्त ओहोटीला. तिची वेळ काढायची कोळ्यांची साधी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला, ओहोटी. अष्टमीला ओहोटी भर बारा वाजता येते, उन्हात लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना ती सोसत नाही. म्हणून तृतीया-चतुर्थी धरावी. ही वेळ ढोबळ असते, किनाऱ्यावर विचारून खात्री करा.

आम्ही सव्वाआठला चपला हातात घेऊन निघालो. पायाखाली ओली, घट्ट, वळ्या पडलेली वाळू, मधे घोट्याएवढं पाणी. सासूबाई मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. आत गणपतीचं देऊळ आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याचं तळं. मुलाने ते पाणी ओंजळीत घेऊन खरंच गोड आहे का ते जिभेने पाहिलं आणि आजीला दाखवायला धावला. दहाच्या आत परत आलो. येताना पांढऱ्या कांद्याची एक माळ घेतली, ती स्वयंपाकघराच्या खिडकीला जूनभर लटकत होती. पाऊस तोंडावर आला की गेटवेच्या बोटी बंद होतात, तेव्हा अलिबाग मेच्या तिसऱ्या आठवड्यापुढे नेऊ नका. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, रेवदंड्यापर्यंत जाऊन यायला ते कामी येतं.

चौथं भंडारदरा, काजव्यांसाठी, मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. इथे लोकलवाल्यांची पंचाईत आहे. काजवे रात्री दिसतात आणि रात्री परतायला एसटी नाही, भाड्याची का होईना गाडी लागतेच. शनिवारी अजिबात जाऊ नका. काजवा उजेडाने जोडीदाराला खूण करतो. शनिवारच्या गर्दीतल्या हेडलाइटच्या झोतात ती खूण विरून जाते, आणि ज्यासाठी इतक्या लांब आलो तेच झाड अंधारं होतं. रविवारी रात्री आम्ही गाडी दूर ठेवून, टॉर्च बंद करून एका हिरड्याखाली उभे राहिलो. दहा मिनिटांनी सगळं झाड एका लयीत उजळायला-विझायला लागलं. मुलगी कुजबुजत श्वास मोजत होती.

दोघांची नोकरी, घरात म्हातारं माणूस आणि मुलं दहा वर्षांच्या आसपासची असतील, तर माझं मत छोट्या ट्रिपांना. नवीन लग्न झालं असेल, मुलं कॉलेजात गेली असतील किंवा घरातली बाई खरोखर थकली असेल, तर मोठी ट्रिप करा आणि तिसऱ्या दिवसापर्यंत काहीही बघायला जाऊ नका.

आम्ही यंदाही छोट्याच ठरवल्या आहेत. कालनिर्णयावर मेमधल्या चतुर्थीला आणि काजव्यांना अंधार हवा म्हणून जूनच्या अमावास्येजवळच्या रविवारला मुलाने स्वतः लाल पेनाने गोल केले आहेत.