"एकही वण राहणार नाही मॅम" : ब्रेस्ट लिफ्टच्या नावाखाली मला कसं गंडवलं

क्लिनिकचं नाव सांगत नाही, पुण्यातलं एक चकचकीत कॉस्मेटिक क्लिनिक एवढंच. हा विषय घरातसुद्धा मोठ्याने बोलता येत नाही आणि ह्या लोकांना ते पक्कं माहितीये, म्हणून लिहितेय.

वय 41, दोन बाळंतपणं, दोघांना मिळून तीनेक वर्षं अंगावर पाजलं, त्यात वीस किलो वजन उतरवलं. वजन गेलं ते चांगलंच झालं पण छाती पार ओघळली, उन्हाळ्यात खालच्या घडीत घामाने कातडी सोलवटायची, ब्लाऊज शिवणारी बाई पण दरवेळी काहीतरी बोलायची. एका रात्री मोबाईलवर 'ब्रेस्ट लिफ्ट', म्हणजे छाती उचलायचं ऑपरेशन, शोधलं, एक फॉर्म भरला, सकाळी नऊला फोन हजर.

मी वहीत प्रश्न लिहून नेले होते, शाळेतल्या पोरीसारखे. समोर बसली "काउन्सेलर". वण राहतील का? "स्कारलेस टेक्निक आहे मॅम, आम्ही धाग्याने उचलतो." किती वर्षं टिकेल? "लाइफटाइम." पूर्ण भूल देणार का? "छे छे, दुपारी येऊन संध्याकाळी घरी." वजन परत वाढलं तर? "काही फरक नाही." संवेदना जाते म्हणतात? "ते जुन्या पद्धतीत." कुठल्याच प्रश्नाला 'तपासून सांगते' असं उत्तर नाही आणि मी बावळटासारखी खूश. डॉक्टर म्हणे ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत, दोन मिनिटं दारातून हसून गेले, तपासलं कुणीच नाही.

मग 1 लाख 80 हजारांचं पॅकेज, "आज बुक केलं तरच हा रेट". 25 हजार मी तिथेच यूपीआयने भरले, उरलेल्याचं "नो कॉस्ट ईएमआय करून देते मॅम" म्हणून तिने माझाच फोन हातात घेतला, आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी, सगळं पाच मिनिटांत, आणि मला वाटलं हप्ते ऑपरेशननंतर सुरू होतील. प्रत्यक्षात ते 1 लाख 55 हजारांचं सरळ कर्ज होतं, माझ्या नावावर, आणि पैसे गेले थेट क्लिनिकच्या खात्यात. हे मला काही दिवसांनी मेसेज वाचला तेव्हा कळलं.

माझी मामेबहीण नर्स आहे. तिने एकच विचारलं, "ताई, तुला तपासलं कुणी? मॅमोग्राफी सांगितली?" मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. मी गप्प.

तिनेच एका प्लास्टिक सर्जनकडे नेलं, 1000 रुपये फी, चाळीस मिनिटं. सरांनी टेप लावून मापं घेतली, आरशासमोर उभं केलं, स्तनाग्र खालच्या घडीच्याही खाली आलंय ते दाखवलं, आणि माझ्या वहीतल्या सगळ्या उत्तरांवर काट मारली. वण राहणारच, माझ्या केसमध्ये स्तनाग्राभोवती, तिथून खाली उभा आणि घडीत आडवा, वर्षभरात फिके होतात पण जात नाहीत. जादाची कातडी कापल्याशिवाय माझ्यासारखीचं उचललंच जात नाही, धाग्याला ते वजन पेलत नाही. पूर्ण भूल, दोन-तीन तास, नंतर काही आठवडे सर्जिकल ब्रा आणि जड उचलणं बंद. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, बहुतेकांची परत येते, काहींची नाही. वय आणि वजन आपलं काम करतच राहतं, त्यामुळे लाइफटाइम वगैरे काही नसतं, आणि ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी आधी ते होऊ द्यावं. चाळिशी उलटली की आधी मॅमोग्राफी. तंबाखू-सिगारेट असेल तर काही आठवडे बंद, नाहीतर जखम भरत नाही. आणि नुसत्या दिसण्यासाठी असेल तर मेडिक्लेम देत नाही, वर 18 टक्के जीएसटी. हे जीएसटीचं तर त्या क्लिनिकने काढलंच नव्हतं, म्हणजे वरचे 32,400 शेवटी माझ्याच गळ्यात.

मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर त्या हसऱ्या डॉक्टरांचं नाव टाकलं. नोंद होती, पण शिक्षण नुसतं एमबीबीएस. पाटीवर मात्र "कॉस्मेटिक सर्जन". एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी अशी पदवी बघायची असते हे मला सर्जनकडे जाईपर्यंत माहीतच नव्हतं.

सहाव्या दिवशी कॅन्सल केलं. क्लिनिक म्हणालं नॉन-रिफंडेबल, पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय. फायनान्सवाले म्हणाले आमचे पैसे गेले, तुम्ही क्लिनिकशी बोला. अशा कर्जात सुरुवातीला बाहेर पडायला थोडी मुदत दिलेली असते, ती मुदत मी मेसेज न वाचता घालवलेली. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, कर्जवाल्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, 30 दिवस झाले तरी उत्तर नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस ह्या तक्रारींच्या पोर्टलवर गेले, आणि ई-जागृती ह्या सरकारी साइटवरून जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली, 5 लाखांच्या आतल्या केसला फी लागत नाही. तारीख मिळालीये. हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातोय, चुकवला तर सिबिल बिघडतं.

आणि त्या काउन्सेलरसोबतचं व्हॉट्सअ‍ॅप चॅट उघडायला गेले तर "स्कारलेस", "लाइफटाइम" काहीच नाही, तिने पहिल्याच दिवशी डिसअपिअरिंग मेसेज चालू करून ठेवले होते, मी ती ओळ वाचलीच नव्हती. दोनच स्क्रीनशॉट हाती उरले, ते पण मामेबहिणीला पाठवले होते म्हणून.