बिल पत्र्याचं, काम लांबीचं

जुनी फियाट, पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर ज्यांनी जिवापाड जपली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लोंबलेले आणि गंजलेले दोन दरवाजे दुरुस्त करून देतो म्हणून एका गॅरेजवाल्याने आमच्याकडून ९२ हजार रुपये घेतले. गंज होता तिथेच राहिला. त्यावर लांबी, म्हणजे खड्डे-भोकं बुजवायची पुट्टी, थापली आणि वरून झकास रंग मारला. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून गॅरेजचं नाव घेत नाही. पण फसवलं कसं ते सविस्तर सांगतो.

गाडी अण्णांची, १९७८ ची पद्मिनी, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली. त्या काळी नंबर लावून वाट बघावी लागे, तशी ती मिळालेली. घर अलिबागला, त्यामुळे खारी हवा बारा महिने. पण हे दरवाजे खाऱ्या हवेपेक्षा आतल्या पाण्याने जास्त मरतात. काच वर-खाली होते तिथल्या रबराच्या पट्ट्या कडक झाल्या की पावसाचं पाणी काचेवरून ओघळून थेट दरवाज्याच्या पोटात उतरतं. ते निघून जावं म्हणून खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. माती, पानांचा चुरा आणि रंगाचे जुने थर यांनी ती बुजतात. बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्यावर दुमडून बसवलेला असतो. साचलेलं पाणी त्या घडीत शिरतं. बाहेरून रंगाला फुगा दिसतो तोवर आतली घडी पार सडलेली असते.

दरवाजा लोंबण्याचं दुखणं मात्र बहुतेक वेळा दरवाज्यात नसतंच. सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे बिजागरीची पिन आणि ती ज्यात फिरते ती नळी, म्हणजे बुश, झिजणं. त्याहून वाईट म्हणजे बिजागरी ज्या खांबावर बसते तो खांब आतून गंजणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दरवाज्याखालची सिल, म्हणजे बॉडीचा उंबरठा, सडणं. पद्मिनीला खाली वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा सांगाडा, नाही; बॉडीच सगळा भार पेलते. सिल गेली की बॉडी मधोमध बसते आणि दरवाज्याची फट वर अरुंद, खाली रुंद होते. नुसत्या दरवाज्यावर कितीही खर्च केला तरी तो परत लोंबणारच. डुक्कर फियाट, म्हणजे पद्मिनीच्या आधीची जुनी गोलसर फियाट, असलेल्यांनी तर मधला खांब आधी तपासून घ्यावा. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, त्यामुळे एका बाजूच्या दोन्ही दरवाज्यांचं ओझं त्या एकाच खांबावर पडतं.

गॅरेजवाल्याचं बोलणं गोड होतं. अण्णांना "काका, ही गाडी म्हणजे सोनं आहे, हिला कुणाला हात लावू देऊ नका" म्हणाला. दरवाजा उघडून एकदा वर-खाली हलवला आणि लगेच निदान दिलं : दोन्ही दरवाज्यांचा खालचा पत्रा कापून नवा बसवायचा, बिजागऱ्यांचा संच नवा, आतून गंजरोधक, मग रंग. अर्धे पैसे आगाऊ. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लागला की तुम्हालाच महाग पडेल" म्हणून वहीचं पान फाडून कच्ची पावती दिली. खांब आणि सिलचं नावही काढलं नाही. आज मला तेच सगळ्यात मोठं लक्षण वाटतं. लोंबलेल्या दरवाज्याचं कारण शोधायला जो गाडीखाली वाकून बघत नाही, त्याला दरवाजा दुरुस्त करायचाच नसतो.

कामाच्या काळात तो फोनवर फोटो पाठवायचा. जुना पत्रा कापलेला, नवा कोरा पत्रा वेल्ड केलेला, वर रेड ऑक्साइडचा तांबडा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर. फोटो बघून अण्णा खूश. गॅरेजवर जायचं म्हटलं की "आज रंगाचं काम चालू आहे, धूळ बसेल, येऊ नका" असं उत्तर. गाडी घरी आली तेव्हा दरवाजे आरशासारखे चकचकीत होते आणि एका हाताने बंद होत होते. उरलेले पैसे अण्णांनी त्याच दिवशी दिले.

पुढच्या पावसाळ्यात डाव्या दरवाज्याच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले. बोटाने दाबला तर फोड मऊ लागला आणि आतून तांबूस पाणी आलं. गॅरेजवाल्याचं म्हणणं, "समुद्राजवळ हे होणारच, पुन्हा रंग मारून घ्या." तेव्हा आम्ही गाडी पेणच्या एका जुन्या पत्राकाम करणाऱ्या मामांकडे नेली. त्यांनी खिशातलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दरवाज्यावरून फिरवलं. वरच्या अर्ध्या भागात ते घट्ट धरत होतं, खाली आलं की गळून पडत होतं. मग आमच्यासमोर छिन्नी लावली. बोटाएवढ्या जाडीचा लांबीचा तुकडा खाली पडला. त्यामागे खिडकीला डासांसाठी लावतात ती जाळी आणि त्याच्यामागे तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, त्यावरची छापील अक्षरं तशीच. वेल्डिंगचा टाकाही नव्हता, सगळं एम-सीलने चिकटवलेलं. पाणी जायची भोकंही लांबीने बुजवलेली, म्हणजे नवं पाणी आत अडकायची सोयच. लांबी दोन-तीन मिलिमीटर असेल, तीही साफ पत्र्यावर, तर त्यात गैर काही नाही. चांगला कारागीरही शेवटची लहर काढायला ती वापरतो. पण गंजलेल्या भोकावर थापलेली लांबी मागून ओल पिते आणि गंजाला झाकण होते.

बिजागऱ्यांचा प्रकार तर मला जास्त संतापजनक वाटला. संच जुनाच होता, वरून काळा रंग फासलेला. दरवाजा उचलण्यासाठी बिजागरीत ठोकळा अडकवून ती वाकवली होती, आणि उरलेला फरक लपवायला कुलूप ज्यात अडकतं तो स्ट्रायकर खाली सरकवला होता. म्हणजे दरवाजा लोंबलेल्या जागीच अचूक बंद होत होता. मामांनी स्ट्रायकर काढून दाखवला. त्याच्या जुन्या जागेचा ठसा वर स्पष्ट उमटलेला होता. उघडताना दरवाजा खाली झुकतो आणि बंद करताना सुरळीत बसतो, असं दिसलं तर आधी तिथे बघा. दारांचे जुने जड क्रोमचे हँडलही गेले होते, त्यांच्या जागी हलके, बाजारी. या हँडलांना जुन्या गाड्यांच्या शौकिनांत चांगली किंमत येते, ती कुणाच्या खिशात गेली ते उघड आहे.

फोटोंचं कोडं वहिनीने सोडवलं. फोटोतल्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला, पॅड काढल्यावर दिसतो तो मूळ रंग फिकट हिरवा होता. आमची गाडी कारखान्यातून पांढरी आली आहे आणि आतला पत्रा आजही पांढराच आहे. दुसऱ्याच कुणाच्या गाडीचे फोटो आम्हाला दाखवले होते. ती गाडी ज्यांची, त्यांचं काम तरी खरं झालं असेल का, असं अण्णा सारखं विचारतात.

या सगळ्या लबाडीला वाव मिळतो तो पत्रा उघडा असण्यापासून प्रायमर लागेपर्यंतच्या थोड्या वेळात. प्रायमर लागला की नवा पत्रा आणि डब्याचा पत्रा डोळ्यांना सारखेच दिसतात. म्हणून काम देतानाच लिहून घ्या, की पत्रा उघडा असताना मालकाने येऊन बघितल्याशिवाय प्रायमर लागणार नाही आणि त्या टप्प्याआधी दुसरा हप्ता मिळणार नाही. फोटो मागायचे तर त्यात गाडीचा नंबर किंवा तुम्ही खडूने दरवाज्याच्या आत केलेली खूण दिसली पाहिजे. कापलेला जुना पत्रा, जुन्या पिना, बुश परत मागा. प्रामाणिक कारागीर ते गोणीत भरून देतो, त्याला त्यात कमीपणा वाटत नाही.

आणि गाडी कुणाकडे नेण्याआधी घरीच बघून घ्या. दरवाजा अर्धा उघडा, टोकाला दोन्ही हातांनी धरून अलगद वर उचला, दुसऱ्या कुणाला बिजागरीजवळ टॉर्च धरायला सांगा. पिनेपाशी खुळखुळा असेल तर काम थोडक्यात आहे. बिजागरीसकट खांबाचा पत्रा हलत असेल तर काम मोठं आहे. मग दरवाजा बंद करून त्या बाजूला जॅक लावा आणि चाक किंचित उचलेपर्यंत फटीकडे बघत राहा. फट बदलली, किंवा दरवाजा अडकला, तर सिल गेली आहे. जॅक सडलेल्या सिलमध्ये घुसू शकतो, तेव्हा गाडीखाली हात-पाय घालू नका.

सिल बदलताना दरवाजे गाडीला लावलेलेच असावेत आणि बॉडीला आतून आडवे आधार द्यावेत, हे मामांकडून कळलं. दरवाजे काढून, गाडी नुसती जॅकवर ठेवून सिल कापली तर बॉडी वाकड्या अवस्थेतच वेल्ड होते आणि दरवाजे जन्मात बसत नाहीत. आमची डावी सिल त्यांनी तशीच, टप्प्याटप्प्याने, फट मोजत बदलली. खर्च गॅरेजवाल्याच्या बिलाहून कमी आला.

तक्रारीबद्दल एवढं सांगतो. कच्ची पावती असली तरी हातपाय गाळू नका. आमच्याकडे बँकेतून पाठवलेल्या पैशांची नोंद, फोनवरचे संदेश आणि छिन्नी लावतानाचा सलग व्हिडिओ आहे. आधी वकिलामार्फत नोटीस दिली, उत्तर आलं नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. सुरुवातीची विचारपूस १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करता येते. उजवा दरवाजा आम्ही अजून उघडलेला नाही. आयोगाने तज्ज्ञाकडून तपासणी करवली तर पुरावा जागेवर असावा, म्हणून तो फोडांसकट तसाच ठेवला आहे. आत फिकट हिरवा रंग असलेले दरवाजे ज्यांनी कुठे दुरुस्तीला दिले होते, त्यांनी आपल्या कामाचे फोटो जपून ठेवावेत. आमच्या तक्रारीला ते लागतील, आणि कदाचित त्यांच्याही.