मुंबई-लंडन 7,200 किमी, पण वेळ किती? फ्लाइट ट्रॅकर काही महिने वापरल्यावर

ताई लंडनला असते, त्यामुळे आई-बाबांचं मुंबई-हिथ्रो जाणं-येणं चालूच असतं आणि पुण्याहून त्यांना सोडायचं-आणायचं काम माझ्याकडे. त्यापायी फ्लाइटरडार24 (विमान आत्ता कुठे आहे ते मॅपवर दाखवणारं ॲप) गेले कित्येक महिने सतत वापरतोय, म्हटलं एकदा सविस्तर लिहूया.

नेटवर अंतर 7,200 किमी दाखवतात, विमान ताशी साधारण 900 ने जातं म्हणजे 8 तास, बरोबर? पण तिकिटावर जाताना साडेनऊ-दहा आणि येताना नऊच्या आसपास तास असतात. कारण ती 7,200 ची रेघ म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता, तो कराचीच्या बाजूने इराणवरून जातो, जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या जवळपास निम्मा होतो आणि पुढे क्रिमिया, युक्रेन, पोलंड. आता युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद, त्यात एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, मग विमान वळसा घालूनच जाणार ना! मॅपवर ती वाकडी रेघ बघितली की वाढलेला वेळ लगेच कळतो.

दुसरं म्हणजे वारा. वरती पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारं वाहतं, थंडीत तर जास्तच. बाबा जानेवारीत गेले तेव्हा ग्राउंड स्पीड (म्हणजे जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग) बराच वेळ ताशी 800 किमीच्या खाली होता आणि परत येताना तुर्कस्तानवर हजाराच्या वर गेलेला, विमान तसलंच, उंचीही जवळपास तीच. येताना तास-पाऊण तास वाचतो तो यामुळेच.

हिथ्रोला उतरताना अजून एक गंमत, तिथे गर्दी असली की विमानं लंडनजवळच्या लॅम्बोर्न नाहीतर बिगिन या ठरलेल्या जागांवर गोल गोल फिरवत ठेवतात. ताईने पहिल्यांदा ते गोल बघितले आणि घाबरून फोन केला, पण हे तिथे रोजचंच आहे, काळजी करू नका.

ॲपबद्दल बोलायचं तर फुकटचं व्हर्जन पुरेसं आहे. त्याच फ्लाइटच्या मागच्या काही दिवसांच्या फेऱ्या दिसतात, प्रत्यक्ष कधी उडालं कधी उतरलं, आणि मी तिकिटापेक्षा त्यावरच भरवसा ठेवतो. त्रास एकच, विमान अरबी समुद्रावर खूप आत गेलं की त्याचा सिग्नल जमिनीवरच्या रिसीव्हरना मिळत नाही, मग दिसते ती अंदाजाने काढलेली जागा. आईला हे आधीच सांगून ठेवलंय.

वेळ मोजताना तिकडचं घड्याळ बघा, उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. आणि घ्यायला जाणाऱ्यांनी विमान टेकल्यावर इमिग्रेशन आणि बॅगांचा तासभर तरी धराच, मी विमान गुजरातच्या किनाऱ्याजवळ आलं की लोणावळ्याचा चहा संपवून निघतो आणि टर्मिनल 2 ला आरामात पोचतो.